एनएबीएच मानांकन: तीस ते दीडशे खाटांच्या रुग्णालयाने घ्यावं का, आणि कुठे अडतं

एनएबीएच हे भारतीय गुणवत्ता परिषदेचं रुग्णालयांना मानांकन देणारं मंडळ. त्यांच्या मानकांची सहावी आवृत्ती जानेवारी 2025 मध्ये आली. तीत 10 प्रकरणं, 100 मानकं आणि 639 तपासणीयोग्य मुद्दे आहेत. पहिली पाच प्रकरणं रुग्णाभोवती फिरतात: दाखल करून घेणं, उपचार, औषधं, रुग्णाचे हक्क, जंतुसंसर्ग. उरलेली पाच संस्थेच्या कारभाराची: सुरक्षितता व गुणवत्ता, व्यवस्थापन, इमारत व उपकरणं, माणसं, नोंदी.

हा लेख मोठ्या कॉर्पोरेट साखळ्यांसाठी नाही. त्यांच्याकडे गुणवत्ता विभाग असतो, माणसं असतात. सातारा, जळगाव, नांदेड, लातूर अशा शहरांतली खासगी रुग्णालयं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. तिथे दोन-तीन डॉक्टर पूर्णवेळ असतात, सर्जन आणि भूलतज्ज्ञ व्हिजिटिंग, रात्री एक आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि सिस्टर कायम कमी.

निकाल आधीच सांगतो. मानांकन घेण्यासारखं आहे आणि मनापासून घेतलं तर रुग्णाला त्याचा खरा फायदा होतो. पण तयारीचा पैसा आणि वेळ बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी जातो. मॅन्युअलच्या जाड फाइली बनवण्यात चार महिने घालवायचे आणि वॉर्डमधल्या औषधांच्या चार्टकडे शेवटच्या पंधरवड्यात बघायचं, ही सर्रास दिसणारी चूक. परीक्षक फाइल चाळतात, पण निर्णय केस पेपरवर होतो.

आधी दार कोणतं ते ठरवा. 50 खाटांपर्यंतच्या संस्थांसाठी लहान रुग्णालयांची वेगळी मानकं आहेत, त्याहून मोठ्यांसाठी पूर्ण मानकं. याशिवाय एन्ट्री लेव्हल नावाचं प्राथमिक प्रमाणपत्र आहे, ते दोन वर्षं चालतं. पूर्ण मानांकन चार वर्षं चालतं आणि मधल्या टप्प्यावर पुन्हा तपासणी होते. नेत्र, दंत, आयुष, रक्तकेंद्र यांचे कार्यक्रम स्वतंत्र आहेत. प्रयोगशाळेचं एनएबीएल हे अगदी वेगळं मंडळ. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या जागी चालत नाही. सरकारी रुग्णालयांना केंद्राची एनक्यूएएस ही गुणवत्ता मानकांची चौकट आहे आणि उपजिल्हा रुग्णालयासाठी तीच जास्त सोयीची.

पैशाचं गणित सरळ आहे. सीजीएचएस या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दरपत्रकात मानांकन नसलेल्या रुग्णालयाला 15 टक्के कमी दर मिळतो. माजी सैनिकांची ईसीएचएस योजना तेच दर वापरते, त्यामुळे सातारा-कोल्हापूर पट्ट्यात, जिथे घरटी फौजी आहेत, हा फरक महिन्याच्या हिशेबात दिसतो. आयुष्मान भारतच्या केंद्रीय नियमांत एन्ट्री लेव्हलला 10 टक्के आणि पूर्ण मानांकनाला 15 टक्के वाढीव दर धरले आहेत. राज्याच्या जनआरोग्य योजनेत आपल्याला प्रत्यक्ष किती मिळणार, हे मात्र जिल्हा समन्वयकाकडून लेखी घ्या आणि मगच हिशेब मांडा. कॅशलेससाठी विमा कंपन्या प्रमाणपत्र मागतात, याची सुरुवात विमा नियामकाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांपासून झाली.

आता खर्च. एनएबीएचची फी खाटांच्या संख्येवर ठरते आणि एकूण खर्चात ती लहान बाब आहे. खरा पैसा जातो तो ओटीची (शस्त्रक्रियागृहाची) हवा, अग्निसुरक्षा, उपकरणांचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) आणि वाढीव सिस्टर यांवर. कर्ज काढून आधी संगमरवर आणि नवीन रिसेप्शन करू नका. त्याला एकही गुण नाही.

अर्जाआधी परवान्यांची यादी काढावी लागते आणि निम्मी रुग्णालयं इथेच महिनाभर अडकतात. नर्सिंग होम नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याची मंजुरी, एक्स-रे आणि सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, सोनोग्राफीची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्याखालची) नोंदणी, गर्भपात केंद्राची मान्यता, औषध दुकानाचा परवाना, लिफ्ट, द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असेल तर तिची परवानगी. यांपैकी ज्यांवर खाटांची संख्या असते, त्या सगळ्यांवर ती जुळली पाहिजे. नर्सिंग होमच्या नोंदणीत 60 खाटा, कचऱ्याच्या मंजुरीत 50 आणि प्रत्यक्षात 72 असं असेल तर पुढे सरकता येत नाही. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी आठवण देणारं एक साधं एक्सेल शीट, त्याला जबाबदार एकच माणूस, एवढं पुरतं.

अग्निसुरक्षेवर थोडं थांबायला हवं. महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. बरीच रुग्णालयं पहिली एनओसी फ्रेम करून लावतात आणि फॉर्म बी विसरतात. 2021 या एका वर्षात भंडाऱ्याचा नवजात शिशू कक्ष, विरारचा आयसीयू आणि अहमदनगरचा आयसीयू अशा तीन आगी महाराष्ट्राने पाहिल्या. आयसीयूत एसी चोवीस तास चालतो, वायरिंगवर सतत भार असतो, हवेत ऑक्सिजन जास्त असतो. म्हणून मॉक ड्रिल मैदानात अग्निशामक नळकांडी फवारून उरकू नये. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या सुरक्षित भागात हलवायचा आहे असं धरून करावी: अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कोण दाबणार, त्या भागाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे, तो बंद करायला कोण सांगणार. रात्रपाळीच्या सिस्टरला व्हॉल्व्ह दाखवता आला पाहिजे. आणि नातेवाईक नको तिथून शिरतात म्हणून मागच्या जिन्याला साखळी-कुलूप लावलेलं असतं, ते आजच काढा. परीक्षक येणार आहेत म्हणून नाही.

मॅन्युअल तयार करताना सल्लागार एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा संच उचलून नाव बदलून देतात. मग साठ खाटांच्या रुग्णालयाच्या मॅन्युअलमध्ये कॅथलॅबची (हृदयाच्या अँजिओग्राफीच्या कक्षाची) कार्यपद्धती सापडते, किंवा पान चाळीसवर मूळ रुग्णालयाचं नाव तसंच राहिलेलं असतं. याहून मोठा धोका वेगळा आहे. एनएबीएच बऱ्याच ठिकाणी वेळेची मर्यादा तुम्हालाच ठरवायला सांगतं आणि मग तुम्ही लिहिलेलंच तपासतं. गंभीर लॅब रिपोर्ट पंधरा मिनिटांत डॉक्टरांना कळवला जाईल असं मॅन्युअल म्हणत असेल आणि रजिस्टरमध्ये सव्वा तास दिसत असेल, तर ती त्रुटी तुम्ही स्वतःच लिहून ठेवली आहे. जे रात्री दोन वाजता एका आरएमओच्या भरवशावर होऊ शकतं, तेवढंच लिहा. मॅन्युअल दीडशे पानांचं झालं तरी चालेल, पण ते वॉर्ड इन्चार्ज सिस्टरने वाचलेलं हवं.

औषधं हे प्रकरण सर्वांत जड जातं. मानकांचा भर औषधांवर आहे तो योग्यच आहे, कारण रुग्णाला इजा होण्याची सर्वांत मोठी वाट इथूनच जाते. चार्टवर प्रत्येक औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत, मात्रा, मार्ग, किती वेळा, तारीख, वेळ, डॉक्टरांचं नाव आणि सही. 'सीएसटी' (तेच उपचार चालू ठेवा) किंवा 'रिपीट ऑल' असं मोघम लिहिलेलं चालत नाही. सलाईनमधून द्यायच्या औषधात किती मिलीमध्ये मिसळायचं आणि कोणत्या वेगाने सोडायचं हे हवं. फोनवरची ऑर्डर सिस्टरने लिहून घ्यायची, परत वाचून दाखवायची आणि डॉक्टरांनी तुम्ही ठरवलेल्या मुदतीत त्यावर सही करायची.

परीक्षक काय करतात ते पाहा. सकाळी अकरा वाजता एक चार्ट उचलतात आणि दुपारी दोनच्या डोससमोर सही आधीच झालेली आहे का ते बघतात. अनेक ठिकाणी झालेली असते, कारण सिस्टर पाळीच्या सुरुवातीलाच सगळे रकाने भरून मोकळ्या होतात. ही कामचुकारपणाची गोष्ट नाही. वीस-पंचवीस रुग्णांमागे दोन सिस्टर असतील तर प्रत्येक खाटेपाशी उभं राहून वेळ लिहिणं जमत नाही. उपाय म्हणजे औषधांची ट्रॉली आणि चार्ट सोबत फिरवणं, डोसच्या वेळा वॉर्डनुसार अर्ध्या तासाने पुढे-मागे करणं, आणि त्या वेळात सिस्टरला बिलिंगच्या फोनला जुंपायचं नाही. हे केलं तर दोन-तीन आठवड्यांत चार्ट सुधारतो. नुसती ताकीद दिली तर तपासणीच्या दिवसापुरता सुधारतो.

पोटॅशियम क्लोराइडची 15 टक्के तीव्रतेची 10 मिलीची बाटली, म्हणजे 20 मिलीइक्विव्हलंट, दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखी. पातळ न करता शिरेतून गेली तर हृदय थांबतं. ती साध्या वॉर्डच्या कपाटात असूच नये. आयसीयूत ठेवायची तर वेगळ्या कुलूपबंद डब्यात, लाल लेबलसह, आणि देताना दोघांनी पडताळून दोन सह्या. सारखी दिसणारी आणि सारख्या उच्चारांची औषधं वेगवेगळ्या खणांत ठेवायची. यादी इंटरनेटवरून उतरवलेली नको, तुमच्या औषध दुकानात प्रत्यक्ष असलेल्या ब्रँडची हवी. फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंश, दिवसातून किमान दोनदा नोंद. पण नोंदवहीत महिनाभर एकाच अक्षरात '4, 4, 4' असेल तर परीक्षकाला कळतं. किमान-कमाल दाखवणारं थर्मामीटर लावा, वीज गेल्यावर काय करायचं ते लिहून ठेवा, इन्सुलिन फ्रिजरच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका आणि उघडलेल्या व्हायलवर उघडल्याची तारीख टाका. इन्सुलिन उघडल्यावर साधारण 28 दिवस, पुढे टाकायचं.

क्रॅश कार्टची, म्हणजे आणीबाणीच्या औषधं-उपकरणांच्या ट्रॉलीची, गोची वेगळीच. रोज सील तपासल्याची सही असते, सील शाबूतही असतं, आणि आत अॅड्रेनालिनची मुदत गेल्या महिन्यात संपलेली असते. सील रोज बघायचं, पण महिन्यातून एकदा ते तोडून आतलं सगळं मोजायचं, नवीन सीलचा क्रमांक नोंदवायचा. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनलिकेत नळी घालताना वापरायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, लहान मुलांचा मास्क आहे का, ऑक्सिजन सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधलेली आहे का, या तीन गोष्टी बहुतेक वेळा नापास होतात. डिफिब्रिलेटरची (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची) रोजची चाचणी केल्याचा कागद जोडा.

ओटीसाठी एनएबीएचची हवेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: तासाला किमान 20 वेळा हवा बदलणं, त्यातल्या 4 वेळा बाहेरची ताजी हवा, किमान 2.5 पास्कल धन दाब (बाहेरपेक्षा आत जास्त दाब), तापमान 21 अंश, तीन कमी-जास्त, आर्द्रता 20 ते 60 टक्के, आणि हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर. स्प्लिट एसी लावलेल्या ओटीला हे कधीच जमणार नाही, कारण तो आतलीच हवा फिरवतो. त्यासाठी लागणारं एएचयू (हवा गाळून आत सोडणारं यंत्र) बसवताना छताची उंची आणि डक्टची जागा लागते, जुन्या इमारतीत हे जमतं का ते अर्जाआधी इंजिनिअरकडून बघून घ्या. धन दाब मिळत नसेल तर आधी दारं बघा. दारामागे पाचर लावून ते उघडं ठेवण्याची सवय हे सर्वांत नेहमीचं कारण.

सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट तीन थांब्यांची: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी. लहान शहरांत सर्जन एका रात्रीत तीन रुग्णालयं करतो, येतो तोवर रुग्णाला भूल दिलेली, आणि चेकलिस्ट नंतर रिकव्हरीत भरली जाते. टाइम आउटच्या (चीर देण्याआधीच्या थांब्याच्या) वेळी मोठ्याने बोलण्याची जबाबदारी ओटी सिस्टरला द्या आणि सर्जनला हे आधी सांगून ठेवा. व्हिजिटिंग डॉक्टर हा संपूर्ण तयारीतला सर्वांत नाजूक दुवा आहे. ऑपरेशनची नोंद तीन ओळींत लिहितात, संमतीपत्रावर धोके आणि पर्याय लिहीत नाहीत, स्वतःच्या पदव्यांच्या प्रती द्यायला महिने लावतात. पण मानकांप्रमाणे कोणत्या डॉक्टरला कोणती शस्त्रक्रिया करायची मुभा आहे हे लेखी हवं, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू हवी. यासाठी रुग्णालयाच्या मालक डॉक्टरांनी स्वतः फोन उचलावा लागतो. गुणवत्ता विभागात नव्याने लागलेल्या मुलीने आठवण करून हे होत नाही.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि कोऱ्या कागदावर दाखल होतानाच घेतलेल्या सह्या नकोत. परीक्षक रुग्णाच्या मुलालाच विचारतात, 'ऑपरेशन कसलं आहे, काय धोका सांगितला?' उत्तर आलं नाही तर छापील मजकूर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित नियमांनी बंधनकारकच आहे, तेच फलक इथेही लागतात.

जंतुसंसर्गाची आकडेवारी कशी ठेवायची यात मोठा गोंधळ दिसतो. लघवीच्या नळीमुळे झालेला संसर्ग मोजताना भागाकार रुग्णांच्या संख्येने करायचा नसतो, नळी असलेल्या दिवसांनी करायचा असतो. महिन्यात 250 नळी-दिवस आणि 2 संसर्ग झाले तर दर 1000 दिवसांमागे 8. व्हेंटिलेटर आणि सेंट्रल लाइनचंही (मोठ्या शिरेतल्या नळीचंही) तसंच. म्हणजे रोज ठरावीक वेळी, समजा रात्री बारा वाजता, वॉर्डात किती नळ्या आहेत हे मोजायला हवं. हे न मोजता वर्षभर सगळीकडे शून्य दाखवणारं रुग्णालय परीक्षकाला स्वच्छ वाटत नाही, मोजतच नाही असं वाटतं. शून्यापेक्षा 8 हा आकडा, त्यामागचं कारण आणि त्यावर केलेली कृती याला जास्त किंमत आहे. घटना नोंदवण्याचंही तेच. खाटेवरून पडणं, चुकीचा डोस, सुई टोचणं, यांच्या नोंदी करणाऱ्या सिस्टरला मेमो मिळाला की पुढच्या महिन्यापासून नोंदी बंद होतात.

हात धुण्याचं प्रशिक्षण मावशी, मामा, वॉर्डबॉय सगळ्यांना लागतं: हँडरबने (अल्कोहोलच्या द्रवाने) 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद. कचऱ्यात सुया पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात, नळ्या-सिरिंज लाल पिशवीत, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्यात. 48 तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही. कचऱ्याचा वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत. कर्मचाऱ्यांच्या फाइलीत हिपॅटायटिस बी लसीचे 0, 1 आणि 6 महिन्यांचे तीनही डोस लागतात. कंत्राटी सफाई कामगारांची लस ठेकेदाराने द्यायची की रुग्णालयाने, या वादात ती राहूनच जाते. रुग्णालयाने द्यावी. सुई टोचण्याचा धोका सर्वांत जास्त त्याच माणसांना आहे.

अर्ज ऑनलाइन होतो. पोर्टलवर नोंदणी, स्वयंमूल्यांकन, कागदपत्रं, फी. मग कागदपत्रांची छाननी, त्यातल्या शंकांना उत्तरं, आणि प्रत्यक्ष तपासणी. मानकं किमान तीन महिने राबवल्याच्या नोंदी हातात असल्याशिवाय अर्ज करू नये. शून्यापासून सुरुवात असेल तर सहा ते नऊ महिने धरा. प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण असतात. मुद्द्यांचे चार स्तर आहेत. 105 गाभ्याचे मुद्दे प्रत्येक तपासणीत बघतात, 457 बांधिलकीचे मुद्दे मुख्य तपासणीत, 60 पुढच्या पायरीचे मधल्या तपासणीत आणि 17 उत्कृष्टतेचे पुनर्मानांकनात. तयारीत क्रम तोच ठेवा. पहिल्याच फेरीत 17 मुद्द्यांच्या मागे लागून गाभ्याकडे दुर्लक्ष करणारे सल्लागार आढळतात. त्रुटी निघाल्या की ठरलेल्या मुदतीत पुरावे द्यायचे असतात आणि शेवटचा निर्णय समिती घेते. पुरावा म्हणून फक्त फोटो नको, तो प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं ते लिहा.

उणिवा तीन ठळक आहेत. मानकांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि ज्यांनी ते रोज पाळायचं त्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नाही. प्रत्येक रुग्णालय आपापलं मराठी करून घेतं आणि त्यात अर्थ सांडतो. राज्यभरातल्या मानांकित रुग्णालयांनी एकत्र येऊन सिस्टर आणि मावशींसाठी मराठी पुस्तिका काढली तर कितीतरी श्रम वाचतील. दुसरं, एनएबीएचच्या संकेतस्थळावर रुग्णालय मानांकित आहे का आणि प्रमाणपत्राची मुदत काय हे कुणालाही बघता येतं, पण तिथल्या संसर्गाचे दर रुग्णाला बघता येत नाहीत. तिसरं, मुख्य तपासणीची तारीख आधी कळते, त्यामुळे दोन-तीन दिवस उसने सिस्टर आणून वॉर्ड भरण्याचा मोहही राहतो. उसन्या सिस्टरला क्रॅश कार्ट कुठे आहे ते माहीत नसतं आणि पहिल्याच प्रश्नाला हे उघड होतं.

तीसेक खाटा, एकच ओटी, स्प्लिट एसी आणि पूर्णवेळ डॉक्टर एकच असेल तर आत्ता एन्ट्री लेव्हल घ्या. ती दोन वर्षं औषधांचा चार्ट, परवाने आणि आग यांवर घालवा आणि ओटीचं काम मधल्या काळात करून घ्या. शंभरच्या आसपास खाटा, आयसीयू आणि एएचयू असलेली ओटी असेल तर थेट पूर्ण मानांकनाचा अर्ज करा. सल्लागार हवाच असेल तर करारात मॅन्युअलची पानं मोजू नका. महिन्यातून किती दिवस तो वॉर्डात उभा राहणार आणि किती केस पेपर तपासणार, हे लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता प्रमाणपत्राच्या दिवसाऐवजी मधल्या तपासणीनंतर द्या.